आर्गॉन क्लस्टरने पॉलिमरचा थर न जाळता कसा खरवडावा

एकटा आर्गॉन आयन पॉलिमरमध्ये खोल घुसून बंध तोडतो. मागे कार्बनसारखा काळपट थर उरतो. २००० अणूंचा क्लस्टर (एकत्र चिकटलेला पुंजका) आदळताच फुटतो, ऊर्जा वरच्या काही नॅनोमीटरमध्येच सांडते आणि विवराच्या कडेने रेणू अखंड उडतात. खालचा थर जवळपास शाबूत राहतो.

प्रति अणू ऊर्जा हाच कळीचा आकडा. १०,००० इव्ही (इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) ÷ २००० अणू = प्रति अणू ५ इव्ही; सुरुवात इथून करा. ती फार वाढवली तर पुन्हा बंध तुटतात, फार घटवली तर खरवडणे रेंगाळते.

खरवडायचा खड्डा २ × २ मिमी ठेवा, एक्सपीएसची (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्ये आणि बंध ओळखणाऱ्या तंत्राची) मोजणी मधल्या ०.३ मिमीतच. कडेचा उतार मोजणीत आला, तर थरांची सीमा खोटी पसरट दिसते.

वेग ठरवायला सिलिकॉनवरचा माहीत जाडीचा थर खरवडा. सिलिकॉनचा संकेत वाढत कमाल पातळीच्या निम्म्यावर येईपर्यंतच्या वेळेने जाडीला भागा. हा वेग दुसऱ्या पॉलिमरला मात्र लावू नका.

पॉलिमर पीएमएमए (अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक) असेल तर एक्सपीएसमध्ये २८९ इव्हीजवळचे एस्टरचे (पीएमएमएतल्या कार्बन-ऑक्सिजन गटाचे) शिखर पाहा. ते एकूण कार्बनच्या पाचव्या हिश्श्याखाली घसरत गेले, तर नुकसान होतेय; प्रति अणू ऊर्जा कमी करा. धातूचा थर लागला की खरवडणे जवळपास थांबते, तो यंत्राचा बिघाड नव्हे.