सहीचं प्रिंट घेताना भिंग आणि टॉर्च जवळ ठेवा

बर्लिन एअरलिफ्टवरच्या (१९४८-४९, सोव्हिएत नाकेबंदीत अडकलेल्या पश्चिम बर्लिनला विमानांनी रसद पोचवण्याची मोहीम) चित्रांची मर्यादित, म्हणजे ठरावीक संख्येतच छापलेली, क्रमांक घातलेली प्रिंट्स आजही विकायला येतात. सी-५४ स्कायमास्टर विमान ढगांतून खाली उतरतंय आणि खालच्या पांढऱ्या समासात वैमानिकाची पेन्सिलीतली सही. किंमत ठरते ती बहुतेक या सहीवरच, म्हणून आधी ती तपासा.

टॉर्च कागदाला जवळजवळ आडवा धरा. खऱ्या पेन्सिलीचं शिसं करड्या रंगात चमकतं आणि दाब पडलेल्या जागी कागद किंचित खोलगट दिसतो. छापलेली सही सपाट असते. दहापट भिंगाखाली तिचे बारीक ठिपके बहुतेकदा उघडे पडतात. एक मात्र लक्षात ठेवा, चित्रकाराची सही चित्रातच छापून येते, ती वेगळी. ओलं बोट किंवा खोडरबर लावून पाहू नका, खरी सही असली तर तुमच्याच हातानं खराब व्हायची.

मग तारखा जुळवा. रुमालाच्या छत्र्या करून बर्लिनच्या मुलांसाठी गोळ्या-चॉकलेटं टाकणारे एअरलिफ्टचे वैमानिक गेल हॅल्व्हरसन फेब्रुवारी २०२२ मध्ये, १०१व्या वर्षी गेले. त्यानंतर छापलेल्या प्रिंटवर त्यांची सही असेल, तर ती आली कुठून, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. कधी सही वेगळ्या कार्डावर घेऊन चित्राखाली फ्रेममध्ये बसवलेली असते. त्यात गैर काही नाही, पण तसं सांगायला हवं.

प्रिंटसोबत अस्सलपणाचं प्रमाणपत्र असेल, तर त्यावरचा क्रमांक आणि प्रिंटवरचा क्रमांक एकच हवा. फ्रेम करताना आम्लमुक्त माउंटच (चित्राभोवतीचा पुठ्ठा) मागा, आणि चित्र उन्हाच्या भिंतीवर अजिबात लावू नका.