खेळ चांगला, तरी माल उठत नाही: बोर्डगेमच्या प्रसिद्धीत या चुका टाळा

बोर्डगेम, संग्राह्य पत्त्यांचे खेळ, टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचे खेळ) किंवा मिनिएचर (खेळातल्या छोट्या मूर्ती) यांचा छोटा व्यवसाय करणाऱ्यांची तक्रार बहुधा एकाच सुराची असते. खेळाचे कौतुक सगळे करतात, पोस्टला लाइक येतात, प्रदर्शनातल्या स्टॉलवर गर्दी जमते, पण माल उठत नाही. अशा वेळी जाहिरातीवरचा खर्च वाढवण्याचा मोह होतो. माझ्या मते त्याआधी हे पाहायला हवे की आपण बोलतो आहोत ते कोणाशी. एकट्याने खेळायचे खेळ सोडले, तर बोर्डगेम घेणाऱ्याला आणखी दोघा-तिघांना जमवावे लागते, नियम आधी स्वतः वाचून इतरांना समजावून द्यावे लागतात आणि सर्वांच्या सोयीची वेळ काढावी लागते. प्रत्येक गटात हे काम अंगावर घेणारा बहुधा एकच जण असतो आणि बॉक्स घ्यायचा की नाही हे बऱ्याचदा तोच ठरवतो. त्याच्या अडचणी सोडवणारी प्रसिद्धी फार थोडे जण करतात, आणि खालच्या बहुतेक चुकांचे मूळ तिथेच आहे.

कथा सांगितली, खेळ सांगितला नाही

बॉक्सच्या मागे किंवा विक्रीच्या पानावर हरवलेल्या राज्याची आणि शापित तलवारीची तीन परिच्छेदांची कथा असते. खेळाडू आपला डाव आल्यावर नेमके काय करतो, याचा मात्र पत्ता नसतो. ‘हातातल्या पाच पत्त्यांपैकी एक ठेवा, बाकीचे शेजाऱ्याला द्या आणि ठेवलेल्या पत्त्याने आपले शहर वाढवा,’ असे एक वाक्य जाणत्या ग्राहकाला त्या कथेपेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते.

खेळाडूंची संख्या आणि वेळ यांबाबत फुगवून लिहिणे तर सरळ नुकसानीचे आहे. बॉक्सवर 45 मिनिटे लिहिलेला खेळ पहिल्या बैठकीत नियम समजावण्यासकट दोन तास चालला, तर ज्याने मित्रांना बोलावले त्याला ओशाळवाणे होते आणि तो बॉक्स कपाटातच राहतो. शिकण्याच्या पहिल्या बैठकीचा वेळ वेगळा लिहावा. खेळ चौघांत उत्तम आणि सहा जणांत रेंगाळणारा असेल, तर तेही सांगून टाकावे. 2000 साली सुरू झालेल्या बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर प्रत्येक खेळासाठी किती खेळाडू सर्वांत योग्य, यावर खेळाडूच मत नोंदवतात. त्यामुळे ही गोष्ट फार काळ झाकून राहत नाही. त्या संकेतस्थळावरच्या आपल्या खेळाच्या पानावर नियमपुस्तिका आणि मांडलेल्या खेळाची स्वच्छ छायाचित्रे ठेवणे हे अगदी कमी खर्चाचे आणि तितकेच दुर्लक्षित राहिलेले काम आहे. मित्रांकडून किंवा बनावट खात्यांवरून दहापैकी दहा गुण देण्याचा मार्ग मात्र पूर्ण टाळावा, कारण या क्षेत्रातले वाचक असे गुण लगेच ओळखतात आणि नंतर खऱ्या प्रशंसेवरही विश्वास ठेवत नाहीत.

डेमोला गर्दी, विक्री शून्य

स्टॉलवर येणारा माणूस उभा असतो, त्याच्या पाठीवर पिशवी असते आणि सोबतचा मित्र पुढे जायची घाई करत असतो. त्याच्यापुढे दाखवणारा जेव्हा ‘हे लाकूड, ही वीट, हे धान्य’ असे एकेक सोंगटी उचलून सांगू लागतो, तेव्हा मिनिटभरातच त्याची नजर शेजारच्या स्टॉलकडे वळते. खेळ आधीच अर्ध्यावर मांडून ठेवावा, माणसाला आधी खुर्ची द्यावी, हातात तीन पत्ते द्यावेत आणि ‘यांपैकी एक खाली ठेवा, काय होते ते मी सांगतो,’ असे म्हणावे. उरलेले नियम जसजसे लागतील तसतसे सांगता येतात. डाव शेवटापर्यंत नेण्याचीही गरज नसते. तीन-चार फेऱ्यांनंतर, पुढची युक्ती त्याच्या मनात तयार झालेली असतानाच, थांबावे.

आणि थांबल्यावर गप्प बसू नये. बॉक्स कुठे आहे, किंमत किती आहे, आज घेतला तर घरी शिकवायला काय मदत मिळेल, हे त्याच टेबलावर सांगायला हवे. अनेक गुणी रचनाकारांना विक्रीची भाषा बोलायला संकोच वाटतो आणि खेळ आवडलेला माणूस आभार मानून निघून जातो. नियम शिकवणारा पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ आणि त्याचा क्यूआर कोड असलेले छोटे कार्ड हाती दिले, तर त्याची सर्वांत मोठी धास्ती, म्हणजे ‘हे मी इतरांना कसे समजावणार’, तिथल्या तिथे कमी होते.

मोहीम आधी, प्रेक्षक नंतर

2009 मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टर या, मोहीम काढून लोकांकडून आगाऊ पैसे जमवण्याच्या संकेतस्थळाने छोट्या प्रकाशकांना दार उघडून दिले, पण तिथे ठरवलेली रक्कम जमली नाही तर काहीच हाती येत नाही. अशा मोहिमांत पैसा सहसा पहिल्या काही दिवसांत आणि शेवटच्या काही दिवसांत येतो. मधला काळ संथ असतो. म्हणजे ओळखीचा प्रेक्षक नसताना मोहीम सुरू केली, तर सर्वांत महत्त्वाचे दिवस लोकांना आपण कोण हे सांगण्यातच जातात. 2015 साली ‘एक्सप्लोडिंग किटन्स’ या पत्त्यांच्या खेळाला 2,19,382 लोकांनी पाठिंबा देऊन सुमारे 87 लाख 80 हजार डॉलर दिले, हे उदाहरण सतत सांगितले जाते. त्या खेळामागे एका अत्यंत लोकप्रिय वेबकॉमिकचा चित्रकार होता आणि त्याचा प्रचंड वाचकवर्ग मोहिमेआधीच तयार होता, हे मात्र सांगायचे राहून जाते. त्या मोहिमेची विनोदी शैली उचलून हा पाया भरून निघत नाही.

तेव्हा मोहिमेच्या आधीचे महिने ई-मेल यादी वाढवण्यात, मोहीम सुरू होताच सूचना मिळावी म्हणून लोकांना पूर्वप्रसिद्धीच्या पानावर नोंदणी करायला लावण्यात आणि खेळाचा नमुना अनोळखी गटांकडून खेळवून घेण्यात घालवावेत. नमुना खेळलेले गट हेच पहिल्या दिवसाचे आधारस्तंभ असतात.

मोहीम रंगू लागली की रकमेच्या प्रत्येक टप्प्यावर जादा मूर्ती, जादा पत्ते, जाड फळी अशी आश्वासने दिली जातात. ती प्रसिद्धी वाटते खरी, पण प्रत्येक भर घालताना बॉक्सचे वजन वाढते आणि पाठवणीचा खर्च वाढतो. 2021 मध्ये जगभर कंटेनर वाहतुकीचे दर भडकले, तेव्हा अनेक प्रकाशकांना आधीच पैसे दिलेल्या पाठिराख्यांकडे पाठवणीसाठी आणखी पैसे मागावे लागले. जे आश्वासन वजन वाढवत नाही, उदाहरणार्थ एकट्याने खेळण्याचे नियम किंवा आणखी एका भाषेतील नियमपुस्तिका, ते निवडणे शहाणपणाचे.

समीक्षक आणि परवाने

समीक्षकाला प्रत पाठवून दोन आठवड्यांत व्हिडिओची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. त्याला नियम शिकावे लागतात, गट जमवावा लागतो, अनेकदा खेळावे लागते आणि मग चित्रीकरण येते. प्रत काही महिने आधी पाठवावी आणि दिसेल त्या चॅनेलला न पाठवता त्याच वजनाचे, म्हणजे तितपतच गुंतागुंतीचे, खेळ दाखवणाऱ्यांना पाठवावी. पैसे देऊन करून घेतलेला व्हिडिओ असेल, तर तसे त्यात स्पष्ट सांगितलेले असावे.

रोल-प्लेइंग गेमच्या छोट्या प्रकाशकांकडून आणखी एक चूक होते. डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध रोल-प्लेइंग गेमच्या पाचव्या आवृत्तीचा 5.1 क्रमांकाचा नियमसंदर्भ, म्हणजे मूळ नियमांचा दस्तऐवज, जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त वापराच्या परवान्याखाली खुला झाला. त्यामुळे त्यातला मजकूर श्रेय देऊन वापरता येतो. मूळ खेळाचा लोगो किंवा व्यापारचिन्ह मुखपृष्ठावर छापण्याची मुभा मात्र त्यातून मिळत नाही. ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ एवढे लिहिणे पुरेसे असते आणि ग्राहकालाही ते समजते.

दुकानाची सूचना आणि सवलतीची सवय

‘शनिवारी गेम नाइट, सर्वांचे स्वागत’ या पोस्टवर जुनीच मंडळी येतात. नव्या माणसाच्या मनात वेगळे प्रश्न असतात: एकटे आले तर चालेल का, शिकवायला कोणी असेल का, प्रवेशाला पैसे पडतात का, किती वाजता संपेल. ही चार उत्तरे त्या सूचनेतच हवीत, आणि दारातून आलेल्याला टेबलाशी नेऊन बसवणारा एक माणूस नेमलेला हवा. वारही सारखा बदलू नये. मॅजिक: द गॅदरिंग या संग्राह्य पत्त्यांच्या खेळाच्या शुक्रवारच्या स्पर्धा 2000 सालापासून दुकानांत रुजल्या, त्यात ठरलेल्या वाराचा मोठा वाटा आहे असे मला वाटते.

प्रकाशकाने स्वतःच्या संकेतस्थळावर वारंवार मोठी सवलत देणे ही मला या सगळ्यांत सर्वांत महाग पडणारी चूक वाटते. छोटा दुकानदार सहसा छापील किमतीच्या निम्म्याच्या आसपास माल घेतो आणि त्यातूनच जागेचे भाडे, डेमोची टेबले व शिकवणाऱ्याचा वेळ भागवतो. त्याच्याच ग्राहकाला प्रकाशक थेट स्वस्त विकू लागला, तर दुकानदार पुढची ऑर्डर देत नाही आणि खेळ प्रत्यक्ष शिकवून दाखवणारी जागा हातची जाते.

लाइक मोजले, टेबले मोजली नाहीत

किती लोकांनी पोस्ट पाहिली यापेक्षा या महिन्यात आपला खेळ किती टेबलांवर खेळला गेला आणि त्यांपैकी किती जण पुन्हा आले, याची वही ठेवावी. डेमोनंतर ज्यांनी खरेदी केली नाही, त्यांचे कारण शांतपणे विचारून त्याच दिवशी टिपून घ्यावे. ‘नियम अवघड वाटले’ असे उत्तर वारंवार येत असेल, तर शिकवण्याची पद्धत आणि व्हिडिओ सुधारावा लागेल; ‘आमच्या गटात सहा जण आहेत’ असे असेल, तर चुकीच्या ग्राहकाला बोलावले जात आहे आणि जाहिरातीचा मजकूर बदलावा लागेल; आणि ‘किंमत जास्त आहे’ असे असेल, तर किमतीला हात लावण्याआधी मूळ खेळाचा छोटा, कमी सामानाचा संच काढता येतो का, ते तपासावे.