नॅनो-औषधाचं पेटंट घेताय? आधी या चुका टाळा

फार्मसी कॉलेजांतून पेटंटसाठी माझ्याकडे येणाऱ्या संशोधकांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "सर, आमचे कण १०० नॅनोमीटरच्या खाली आलेत." औषध इतक्या सूक्ष्म कणांत आणण्यामागे दोन-तीन वर्षांची मेहनत असते, हे मला दिसतं. पण पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाला तेवढ्याने भागत नाही. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(डी) मध्ये क्षार, एस्टर, स्फटिकरूपं यांच्या यादीत 'कणांचा आकार' हे शब्दही स्पष्ट लिहिलेले आहेत. माहीत असलेल्या औषधाचं नवं रूप तुम्ही आणलंत, तर ते कायद्याच्या नजरेत जुनंच औषध. परिणामकारकता लक्षणीय वाढल्याचं दाखवलंत, तरच ते वेगळं ठरतं.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आकारालाच शोध समजणं.

ग्लिवेक या कर्करोगावरच्या औषधाचा खटला इथे नीट समजून घ्यायला हवा. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं. त्यातल्या इमॅटिनिब मेसिलेट या क्षाराच्या बीटा स्फटिकरूपाची जैवउपलब्धता (दिलेल्या औषधापैकी रक्तात पोचणारा भाग) ३० टक्क्यांनी वाढते, असं कंपनीचं म्हणणं होतं. न्यायालय म्हणालं, औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता. जैवउपलब्धता वाढल्यामुळे रोग्याला जास्त गुण येतो असं म्हणायचं असेल, तर ते अर्जात स्पष्ट मांडा आणि प्रयोगांच्या आकड्यांनी सिद्ध करा. दुसरा मुद्दा आपल्याकडे फारसा कुणी लक्षात घेत नाही. ती ३० टक्क्यांची तुलना इमॅटिनिबच्या मूळ बेसशी, म्हणजे क्षार न बनवलेल्या रूपाशी, केलेली होती. न्यायालयाच्या मते आधीपासून माहीत असलेला पदार्थ होता इमॅटिनिब मेसिलेट, म्हणजे तुलनाच चुकीच्या पदार्थाशी झाली होती.

आपल्या प्रयोगशाळांत हेच रोज घडतं. लिपोसोमची, म्हणजे औषध भरलेल्या चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांची, तुलना साध्या औषधाच्या द्रावणाशी होते आणि आकडे छान दिसतात. पण त्याच औषधाचं लिपोसोम आधी कुणी छापलेलं असेल, तर तुमची तुलना त्याच्याशी हवी. प्रयोग आखण्याआधीच शोध घ्या: या औषधाचं सगळ्यात जवळचं, आधी माहीत असलेलं रूप कोणतं? ते तुलनेसाठीच्या नियंत्रण गटात ठेवा. विरघळण्याचे आलेख पुरेसे नाहीत. गाठ किती लहान झाली, जंतू किती कमी झाले, किती प्राणी जगले, अशी मोजमापं हवीत. पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या औषधाचं उदाहरण बघा. जुन्या इंजेक्शनमध्ये ते विरघळवण्यासाठी एरंडेलापासून बनवलेलं द्रावक लागायचं आणि त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकायची. अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळालेल्या ॲब्राक्सेनमध्ये औषध अल्ब्युमिन या प्रथिनाच्या सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांतून दिलं जातं आणि ते द्रावक लागत नाही. कणाच्या रचनेचा फायदा थेट रोग्यापर्यंत कसा पोचतो, हे इथे एका वाक्यात सांगता येतं. तुमच्या शोधाबद्दल असं वाक्य लिहिता येत नसेल, तर अर्ज अजून तयार नाही.

कण मोजला, पण कसा मोजला ते लिहिलं नाही

क्लेममध्ये, म्हणजे अर्जात हक्काची मर्यादा सांगणाऱ्या वाक्यात, 'कणांचा सरासरी आकार ५० ते १५० नॅनोमीटर' एवढंच लिहिलेलं मी अनेकदा पाहतो. डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग हे विखुरलेल्या प्रकाशावरून मोजणारं तंत्र कणाचा आकार द्रवात, त्याच्याभोवतीच्या थरासकट मोजतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो वाळलेला कण. त्यामुळे एकाच नमुन्याचे दोन आकडे येतात आणि दोन्ही खरे असतात. शिवाय एवढे लहान कण प्रकाश विखुरतात तो व्यासाच्या जवळपास सहाव्या घाताने, म्हणून मूठभर मोठे कणही तीव्रतेवर आधारलेली सरासरी वर ओढतात. उद्या प्रतिस्पर्धी म्हणेल, "माझे कण तुमच्या मर्यादेत बसतच नाहीत," आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. उपकरणाचं तत्त्व, माध्यम, तापमान, सरासरी तीव्रतेनुसार की संख्येनुसार, पीडीआय (कणांच्या आकारांतली तफावत), झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागाजवळचा विद्युतभार दाखवणारं माप) हे सगळं स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या तपशीलवार वर्णनात, हवं. कण बारीक करणाऱ्या होमोजनायझर यंत्राचा दाब आणि फेऱ्याही लिहा. कलम १० नुसार तुम्हाला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत उघड करावीच लागते.

आधी पोस्टर, मग पेटंट

एका विद्यार्थिनीने जानेवारीत परिषदेत पोस्टर लावलं, त्यातलंच काम मार्चमध्ये नियतकालिकात छापून आलं आणि ऑगस्टमध्ये ती माझ्याकडे आली. पेटंट कार्यालयाच्या परीक्षण अहवालात तिच्याविरुद्ध पहिला पुरावा म्हणून तिचाच लेख आला. तो वाचताना तिचा चेहरा मला आजही आठवतो. कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध, त्या संस्थेच्या कार्यवृत्तात छापलेला मजकूर आणि अशाच मोजक्या प्रसंगांना लागू होते. साध्या नियतकालिकातला लेख त्यात बसत नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात चढलेला पीएचडीचा प्रबंधही सर्वांसाठी खुला असतो.

लेख छापून गेलाच असेल तर? अमेरिकेत संशोधकाच्या स्वतःच्या प्रकाशनासाठी वर्षभराची मुभा आहे, युरोपात तशी मुभा नाही. अमेरिकेत जायचं तर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा किंवा कलम ३९ ची परवानगी घ्या. यांतलं काहीच न करता परदेशी अर्ज केलात, तर भारतातला अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो. भारतासाठी मात्र लेखात न आलेल्या सुधारणेवर नवा अर्ज हा मार्ग उरतो.

हळदीवर काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. अमेरिकेने १९९५ मध्ये हळदीने जखम भरण्यावर पेटंट दिलं. डॉ. माशेलकर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक असताना त्याला आव्हान दिलं गेलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तोच दाखला तुमच्या नॅनो-कर्क्युमिनलाही (कर्क्युमिन म्हणजे हळदीतला मुख्य घटक) अडवू शकतो. कलम ३(पी) पारंपरिक ज्ञानाला पेटंट देत नाही. 'हळद जखमेवर गुणकारी' इथून अर्ज सुरू करू नका; तुमचा कण साध्या कर्क्युमिनपेक्षा नेमकं काय वेगळं करतो, तिथून सुरू करा. जैवविविधता कायद्याची पूर्तताही पेटंट मिळण्याआधी करावी लागते.

आक्षेप आल्यावर

पहिल्या परीक्षण अहवालाला उत्तर द्यायला सहा महिने असतात, आणखी तीन महिने मागून मिळतात. ३(डी) चा आक्षेप असेल, तर तुलनेचे आकडे प्रतिज्ञापत्रावर द्या. मूळ अर्जात ज्या फायद्याचा मागमूस नाही, तो उत्तरात प्रथमच सांगितला तर टिकणं अवघड. क्लेम अरुंद करता येतात, नवा मजकूर घालता येत नाही. 'रोग्याला अमुक मात्रा देण्याची पद्धत' असा क्लेम असेल, तर तो उपचारपद्धतींना पेटंट नाकारणाऱ्या कलम ३(आय) मुळे जाणारच. त्यासाठी भांडण्यात महिने घालवू नका.

पेटंट मिळालं म्हणून औषध विकायला मोकळे झालो, हा गैरसमजही काढून टाका. ॲब्राक्सेनची मालक असलेल्या कंपनीलाही २००८ मध्ये डेलावेअरच्या ज्युरीने एलान कंपनीच्या नॅनोकण-पेटंटचा भंग केल्याबद्दल सुमारे साडेपाच कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितली होती. तुमच्या कणातलं लिपिड, पॉलिमर, पेग-जोडणी (कणाला पेग हा पॉलिमर जोडणं) यांवर कुणाचं पेटंट भारतात जिवंत आहे का, हे भागीदार कंपनीशी बोलण्याआधी पाहा. कंपनी पहिल्याच बैठकीत ते विचारते.

पोस्टर परवाच लागणार असेल आणि सगळे प्रयोग झालेले नसतील, तर प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख राखून ठेवणारा प्राथमिक, अर्ज करा. व्यक्ती आणि शैक्षणिक संस्थांना ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. पूर्ण स्पेसिफिकेशनसाठी १२ महिने मिळतात. पण जे प्रोव्हिजनलमध्ये नाही, त्याला ती तारीख मिळत नाही. म्हणून आहेत ते सगळे आकडे, फसलेल्या बॅचेससकट, त्यात घाला आणि पावतीवरची तारीख पोस्टरच्या आधीची आहे ना, ते तपासून घ्या.