पगाराला नुसतं शंभरने गुणू नका: नाशिकचा आणि परदेशातला खर्च ताडून कसा बघायचा

मागच्या वर्षी भाच्याला जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरीची ऑफर आली, वर्षाला ५०,००० युरो. इंदिरानगरला ताईकडे सगळे जमलो होतो आणि पाच मिनिटांत दाजींनी मोबाईलवर गुणाकार करून टाकला, युरो शंभरच्या आसपास म्हणजे ५० लाख, म्हणजे महिन्याला चार लाख सतरा हजार. सातपूरच्या कंपनीत त्याला हातात ४५,००० पडायचे. मग कोणीतरी म्हणालं की तिकडे नुसते केस कापायला २८ युरो लागतात, म्हणजे २,८०० रुपये, आणि ताईचा चेहराच उतरला. गुणाकार दोन्ही बरोबर होते पण त्यावरून जायचं की नाही ते काही ठरेना. मग मी आणि भाच्याने तीन रविवार बसून एक वही केली. ती करताना जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय, कारण आता आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या घरात कोणी ना कोणी दुबई, जर्मनी नाहीतर कॅनडाचं बघतंय आणि सगळे तोच गुणाकार करतायत.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. रुपयात गुणायचं ते फक्त महिनाअखेर उरलेल्या पैशाला. जे युरो तिथेच कमावून तिथेच दुधाला, भाड्याला जाणार ते युरोतच राहू द्या, त्यांचे रुपये करून ना आनंद करायचा ना घाबरायचं.

आधी आपला नाशिकचा महिना लिहा

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे सोडतात, आणि मग तिकडच्या खर्चाला घासून बघायला हातात काहीच नसतं. वही घ्या किंवा एक्सेल उघडा, आणि मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट न् यूपीआयची हिस्ट्री समोर ठेवा. भाडं किंवा हप्ता, सोसायटी मेंटेनन्स, लाईट बिल, गॅस, किराणा, भाजी, दूध, पेट्रोल, मोबाईल, कामवाल्या ताईंचे पैसे, इस्त्री, सगळं. मग वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे मेडिक्लेम, गाडीचा इन्शुरन्स, शाळेची फी, दिवाळी, गावाकडची लग्नं, यांची बेरीज करून १२ ने भागा. आमच्या वहीत ही वर्षाची ओळ पहिल्यांदा आलीच नव्हती, ती घातल्यावर महिन्याचा खर्च पाच-सहा हजारांनी वाढला.

भाजीच्या बाबतीत नाशिककरांनी जरा सांभाळायचं. आजचा कांद्याचा भाव लिहू नका. लासलगावला भाव कोसळले की इथे कांदा १५ रुपये किलो मिळतो आणि काही महिन्यांत तोच ५०-६० ला जातो, त्यामुळे वर्षाची साधारण सरासरी धरा, नाहीतर वही कुठल्या महिन्यात लिहिली त्यावरच उत्तर ठरेल.

अजून एक, घर स्वतःचं किंवा आईवडिलांचं असेल तर इथलं भाडं शून्य दिसतं. भाचा ताईकडे राहायचा, जेवण घरचं, त्यामुळे ४५,००० मधले २२,००० उरायचे. तोच पाथर्डी फाट्याला वन बीएचके घेऊन एकटा राहिला असता तर दहा-बारा हजार उरले असते. दोन्ही आकडे लिहून ठेवा, कारण तिकडे तो एकटाच राहणार आहे.

पगार किती नाही, हातात किती

ऑफर लेटरवरचा आकडा आणि खात्यात पडणारा आकडा यातलं अंतर प्रत्येक देशात वेगळं असतं. जर्मनीत याला ब्रुटो आणि नेटो म्हणतात, नेटवर ब्रुटो-नेटो कॅल्क्युलेटर भरपूर आहेत, त्यात टॅक्सचा वर्ग १ म्हणजे एकटा माणूस निवडून ५०,००० टाकले की महिन्याला साधारण २,७०० युरो हातात येतात. इन्कम टॅक्सशिवाय पेन्शनचे ९.३ टक्के, बेकारी विम्याचे १.३ टक्के आणि आरोग्य विम्यातला आपला वाटा पगारातून आधीच कापला जातो. हे पैसे गेले असं समजून हळहळू नका, आरोग्य विम्याच्या बदल्यात दवाखान्याचा खर्च जवळपास सुटतो, म्हणून इकडच्या रकान्यात मेडिक्लेमचा हप्ता आणि खिशातून जाणारी डॉक्टरची फी लिहिलेली असली पाहिजे, तरच बरोबरी होते. आणि तिथे नाव नोंदवताना धर्माचा रकाना नीट बघून भरायचा, चर्चचे सभासद असणाऱ्यांना वेगळा चर्च टॅक्स लागतो.

दुबईचं उलटं आहे. पगारावर इन्कम टॅक्स नाही, जे ठरलं ते हातात. पण आपल्यासारखा पीएफ कापला जात नाही, ग्रॅच्युइटी असते आणि तीही पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांच्या बेसिक पगाराइतकी. म्हणून ऑफरमध्ये बेसिक किती आणि अलाउन्स किती ते विचारून घ्या, म्हातारपणाची सोय तिकडे स्वतःच करायची असते. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५, त्यामुळे रुपयाचा डॉलरशी भाव बघितला की दिरहमचा आपोआप कळतो.

भाडं: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

बाकी सगळ्या ओळी थोड्या चुकल्या तरी चालतील, ही चुकली तर सगळी वही चुकते. देशाची सरासरी घेऊ नका, शहराचीही नको, ऑफिसपासून तासाभराच्या आत असलेल्या भागांतल्या दहा-बारा जाहिराती उघडून भाडं लिहा आणि मधला आकडा धरा. नाशिकमध्येसुद्धा गंगापूर रोड आणि अंबड यांचं भाडं सारखं नाही ना, तसंच तिकडे.

जाहिरातीतली भाषा समजून घ्या. जर्मनीत 'काल्टमीटं' म्हणजे नुसत्या जागेचं थंड भाडं आणि 'वार्ममीटं' म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून गरम भाडं, बहुतेक वेळा वीज आणि इंटरनेट त्याच्याही वर. आम्ही आधी थंड भाडी लिहून खूश झालो होतो, सगळी परत लिहावी लागली. बऱ्याच घरांत किचनच नसतं, म्हणजे ओटा-सिंकसुद्धा मागचा भाडेकरू घेऊन गेलेला असतो, ते जाहिरातीत बघा. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं. शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरामागे महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो.

दुबईत भाडं वर्षाचं सांगतात आणि एक, दोन, चार अशा चेकमध्ये मागतात, म्हणजे सुरुवातीलाच मोठी रक्कम हवी, आणि वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी लाईट-पाण्याच्या बिलातून वर्षभर कापली जाते. इंग्लंडमध्ये भाड्याच्या वर काउन्सिल टॅक्स असतो, फुलटाईम विद्यार्थ्यांना तो माफ आहे.

किराण्याची यादी आपल्या स्वयंपाकघरातली घ्या

पंचवीस-तीस वस्तू पुरे. दूध, अंडी, बटाटे, कांदे, तांदूळ, कणीक, तूरडाळ, तेल, दही, केळी, चहा. तिकडच्या सुपरमार्केटच्या वेबसाईटवर भाव दिसतात, डाळ-पोह्यांसाठी तिथल्या इंडियन स्टोअरची साईट बघा. माप एक करून घ्या. अमेरिकेत पाउंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम आणि गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. युरोपात द्राक्षं ५०० ग्रॅमच्या डब्यात असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये ती कदाचित आपल्या निफाड-दिंडोरीचीच असतील, आणि इथे आपण किलोने घेतो.

युरोपात लेबलवरच्या किमतीत टॅक्स धरलेला असतो, अमेरिकेत तो बऱ्याच राज्यांत काउंटरवर वर लागतो, आणि बसून जेवलात तर १५-२० टक्के टिप धरूनच चाला.

यादीतली प्रत्येक वस्तू तिकडे तशीच मिळायला हवी असा हट्ट नको. रोज गवार, मेथी, कोथिंबिरीची जुडी खाणारा माणूस तिकडे कोबी, गाजर, पालक, सिमला मिरची खायला लागतो, त्यामुळे तिथे राहणाऱ्या मराठी माणसाला विचारा की तुमच्या घरी आठवड्यात खरंच काय शिजतं.

रुपयाऐवजी मिनिटांत मोजा

मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला. भाच्याचा नाशिकचा महिना म्हणजे २५ दिवस, रोज ९ तास, २२५ तास, म्हणजे ४५,००० ला तासाचे २०० रुपये. जर्मनीत आठवड्याला ४० तास, महिन्याला साधारण १७३, म्हणजे २,७०० ला तासाचे साडेपंधरा युरो. आता इथे एक लिटर दूध ६४ रुपये, म्हणजे १९ मिनिटांचं काम. तिथे लिटरला साधारण एक युरो, म्हणजे चार मिनिटं. आणि केस कापणं, इथे १२० रुपये म्हणजे ३६ मिनिटं, तिथे २८ युरो म्हणजे पावणेदोन तासांच्या वर.

म्हणजे तिकडे दूध खूप स्वस्त आणि कटिंग महाग, एकाच देशात. याचं कारण बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्ये मांडलं होतं. कारखान्यात माणूस तासाला जास्त माल काढतो म्हणून तिकडे पगार जास्त, आणि मग न्हाव्यालाही तेवढं द्यावं लागतं, नाहीतर तो कारखान्यात जाईल, पण कटिंगला वेळ तर तितकाच लागतो. त्यामुळे श्रीमंत देशात जिथे माणसाचा हात लागतो ते सगळं महाग, प्लंबर, धुणीभांडी, डबा, मुलं सांभाळणं. नाशिकमध्ये ज्यांच्या घरी स्वयंपाकाला, भांड्यांना बाई येतात त्यांनी हे नीट बघा, कारण तिकडे ते काम तुम्ही स्वतः करणार आहात, आणि दोघं नोकरी करणार असाल तर पाळणाघराचा खर्च आधी विचारा.

तयार आकडे कुठे वापरायचे

नंबिओसारख्या साईटवर दोन शहरं टाकली की तिथल्या भावांचं टेबल येतं. ते आकडे तुमच्या-माझ्यासारखी माणसंच भरतात, म्हणून किती जणांनी भरले आणि कधी ते पानावर बघा आणि आपल्या वहीशी ताडा. मर्सर या सल्लागार कंपनीची महागड्या शहरांची यादी कंपन्यांनी परदेशी पाठवलेल्या लोकांसाठी असते, त्यावरून घरखर्च ठरवू नका. द इकॉनॉमिस्ट या ब्रिटिश साप्ताहिकाने १९८६ मध्ये बिग मॅक बर्गरच्या किमतीवरून चलनं ताडायला सुरुवात केली, आपल्याकडे बीफचा बर्गर नाही म्हणून भारतासाठी चिकनचा महाराजा मॅक धरतात.

पीपीपीचा, म्हणजे तेवढ्याच वस्तूंना कुठे किती पैसे लागतात यावरून काढलेल्या चलनाच्या दराचा, आकडा लोक फार फेकतात. जागतिक बँकेच्या किमतींच्या पाहणीच्या २०१७ च्या फेरीत तो भारतासाठी डॉलरला २०.६५ रुपये निघाला, बाजारात तेव्हा डॉलर ६५.१२ ला होता. अर्थ इतकाच की अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं तेवढंच भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळत होतं. ही सगळ्या देशाची सरासरी आहे, त्यात मुंबई पण आली आणि आपला दुर्गम सुरगाणा तालुका पण, म्हणून दिशा कळायला ठीक, पगाराची घासाघीस करायला नाही.

शिकायला जाणाऱ्यांसाठी एक चांगला आकडा सरकारच देतं, व्हिसाला दाखवायचे पैसे. जर्मनीला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून महिन्याला ठराविक रक्कमच काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. कॅनडाला १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर, फी आणि प्रवास सोडून. मोठ्या शहरात हे कमीच पडतात, त्यामुळे याला तळ समजा.

बेरीज, आणि मग गुणाकार

भाच्याची वही अशी झाली: हातात २,७००. गरम भाडं ९५०, वीज ४०, सगळ्या लोकल ट्रेन-बसचं डॉइचलांड तिकीट ६३ (हे मे २०२३ मध्ये ४९ ला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, २०२६ पासून ६३, म्हणून प्रत्येक भावापुढे तारीख लिहा), रेडिओ वर्गणी १८, मोबाईल-इंटरनेट ३५, खाणं ३००, वर्षातून एकदा घरी यायचं म्हणून महिन्याला ८०, कपडे-कटिंग-बाहेर जेवण २७०. उरले ९४४. यांना शंभरने गुणलं, ९४,४००. नाशिकचे २२,००० आणि हे ९४,४००, ही खरी बरोबरी, चार लाख सतरा हजारांची नाही. पैसे पाठवताना बँकेचा दर गुगलवरच्या दरापेक्षा थोडा कमी पडतो, म्हणून आम्ही ९२ हजार धरले. डिपॉझिट, व्हिसा, तिकीट, पहिल्या महिन्याची भांडीकुंडी हे एकदाच लागणारे वेगळे लिहिले, ते भरून निघायला पाच महिने लागतील असं दिसलं.

तो गेला. आता वहीत 'खरं' म्हणून अजून एक रकाना आहे, दर महिन्याच्या शेवटी व्हिडिओ कॉलवर भरतो. खाणं ३६० वर गेलंय, दुपारचं कँटीनमध्ये असतं म्हणून, कटिंग रूममेट करतो. आणि आम्ही न धरलेली एक ओळ निघाली. गरम भाड्यातलं हीटिंग हे अंदाजाने घेतलेलं असतं, वर्षअखेर खरा हिशोब येतो आणि जास्त वापरलं असेल तर फरक भरावा लागतो. त्यासाठी तो आता महिन्याला ३० युरो बाजूला ठेवतो, तुम्ही पहिल्यापासूनच धरा.