जुन्या 'स्टार वॉर्स'वर जीव असेल, तर प्रीक्वेल असे बघा

मी सांगलीत जीएसटीची रिटर्न भरून देते. हे सांगायचं कारण असं, की 1999 चा 'द फँटम मेनेस', म्हणजे जुन्या 'स्टार वॉर्स'च्या आधीची गोष्ट सांगणाऱ्या तीन प्रीक्वेलपैकी पहिला, सुरू होतो तेव्हा वर सरकत जाणाऱ्या त्या पिवळ्या अक्षरांत दुसऱ्याच वाक्याला विषय निघतो तो व्यापारी मार्गांवरच्या कराचा. जगभरच्या चाहत्यांनी तिथेच कपाळाला हात लावला. 1983 च्या शेवटच्या जुन्या चित्रपटापासून सोळा वर्षं वाट बघायची, आणि पदरात काय, तर करांवरून भांडण! मी मात्र सरसावून बसले. चला, कुणीतरी आमच्या धंद्याची दखल घेतली.

पुढे तासाभरात माझंही तोंड कडू झालं, ही गोष्ट वेगळी. भाड्याने आणलेल्या व्हीसीडीची दुसरी तबकडी घालायला उठले, तेव्हा घरातले बाकीचे जेवायला निघून गेले होते.

जॉर्ज लुकासने स्वतः दिग्दर्शित केलेले 1999, 2002 आणि 2005 चे हे तीन चित्रपट आवडतात की नाही, याचं माझं उत्तर आजही एक नाही. माझा भाचा 'द क्लोन वॉर्स' हे कार्टून बघत वाढला, त्याला यात वाद कसला तेच कळत नाही. "मावशी, तुला आवडतात, कबूल कर," एवढंच त्याचं म्हणणं. पण ज्यांनी जुने तीन (1977, 1980 आणि 1983 चे) आधी पाहिले आणि मनात जपले, त्यांना हे प्रीक्वेल टोचतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय. टोचणं जाणार नाही, पण बघणं जमेल.

सगळ्यात आधी क्रम ठरवा. आकड्यांप्रमाणे एक ते सहा बघू नका. 2011 मध्ये एका अमेरिकन प्रोग्रॅमरने सुचवलेला 'मशेटी' क्रम बराच गाजला: जुने दोन, मग प्रीक्वेलमधला दुसरा आणि तिसरा, आणि शेवटी 1983 चा 'रिटर्न ऑफ द जेडाय'. म्हणजे 'फँटम मेनेस' थेट कचऱ्यात. मला सांगाडा पटतो, गाळणं पटत नाही. 1977 चा आणि 1980 चा बघा. खलनायक डार्थ व्हेडरच आपला बाप, हे नायक ल्यूकला कळलं की तिथे थांबून तिन्ही प्रीक्वेल लावा, आणि मग 'जेडाय'. यात प्रीक्वेल मूळ कथेच्या आधी येत नाहीत, मधे येतात. 'हा माणूस असा कसा झाला' हा प्रश्न अगदी ताजा असताना उत्तर मिळतं. एका रात्रीत एकच चित्रपट, प्रत्येक सव्वादोन तासांच्या आसपास आहे.

आता मुख्य गोष्ट. अ‍ॅनाकिनकडे, म्हणजे पुढे व्हेडर होणाऱ्या पोराकडे, बघू नका. पोस्टरवर तोच आहे, तरीही. त्याचं पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे, आणि ते कसं होतं हे दाखवताना लुकासचा हात जड पडतो. तुम्ही पॅल्पटीनवर, म्हणजे पुढे सम्राट होणाऱ्या राजकारण्यावर, नजर ठेवा.

नाबू ग्रहाची नाकेबंदी होते. ती घडवून आणणारा बुरख्यातला डार्थ सिडियस, आणि त्याच नाबूचा सिनेटर म्हणून राणीशेजारी काळजीचा चेहरा करून उभा राहणारा पॅल्पटीन, हा एकच गृहस्थ. पहिला चित्रपट हे उघड बोलत नाही, पण जुने पाहिलेल्याला कळतंच. तो राणी पद्मेला हळूच सुचवतो, की सध्याचे चॅन्सेलर, म्हणजे सिनेटचे प्रमुख, दुबळे आहेत, अविश्वास ठराव आणा. राणी आणते. रिकाम्या झालेल्या खुर्चीवर नाबूबद्दलच्या सहानुभूतीच्या लाटेत बसतो कोण? दुसऱ्या चित्रपटात फुटून निघू पाहणाऱ्या ग्रहांची भीती, म्हणून आणीबाणीचे अधिकार. ते मिळताच फौज उभी करायची घोषणा, आणि क्लोन सैनिक तर आधीच गुपचूप तयार करून ठेवलेले. पलीकडच्या बाजूचा नेता काउंट डूकू, तोही ह्याचाच चेला. तिसऱ्या चित्रपटात पॅल्पटीन भर सिनेटमध्ये साम्राज्य जाहीर करतो, आणि सदस्य टाळ्या वाजवतात.

माझ्यासारखीला यात काय दिसतं सांगू? फाईल चोख आहे. मागणी आली, ठराव मांडला, मतदान झालं, अधिकार दिले. आतून सगळं सडलेलं आणि वरून एक कागद कमी नाही. लुकास या कथेबद्दल बोलताना निक्सन आणि व्हिएतनामच्या काळाचा उल्लेख करत आलाय, त्यामुळे हे योगायोगाने जमलेलं नाही. म्हणून सिनेटची दृश्यं पळवू नका. लोक नेमकी तीच पळवतात.

इयन मॅकडिआर्मिडचं कामही याच धाग्यात बघा. 1983 मध्ये त्याने म्हातारा सम्राट केला तेव्हा तो चाळिशीलाही पोचला नव्हता, सगळी किमया मेकअपची. सोळा वर्षांनी तोच नट त्याच पात्राचं आधीचं वय करायला आला, तेव्हा त्याचं स्वतःचं वय भूमिकेला शोभणारं झालं होतं. 2005 च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये ऑपेराच्या खुर्चीत बसून तो अ‍ॅनाकिनला एका जुन्या सिथची, म्हणजे फोर्स या गूढ शक्तीची काळी बाजू वापरणाऱ्याची, गोष्ट सांगतो. त्यात तलवार नाही, स्फोट नाही, दोन माणसं शेजारी बसलीत एवढंच. तिन्ही चित्रपटांत मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

जार जार बिंक्सचं काय करायचं? पळवू तर नकाच, कारण आणीबाणीच्या अधिकारांचा प्रस्ताव दुसऱ्या चित्रपटात मांडतो तो हाच भाबडा प्राणी. पॅल्पटीनचा हा डाव मला आजही थोर वाटतो. विनोद सोसत नसतील तर त्या वेळात चहा टाका. पण जार जारला शिव्या देताना एक लक्षात असू द्या: तो साकारणाऱ्या अहमद बेस्टवर तेव्हा लोक इतके तुटून पडले, की जीव द्यायचा विचार मनात आला होता असं त्याने 2018 मध्ये स्वतः सांगितलं. पात्र आवडत नसेल तर लेखकाला बोला.

प्रेमकथेसाठी माझा उपाय साधा आहे. सबटायटल बंद करा आणि संवादांकडे काणाडोळा करा. 2002 च्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मधले अ‍ॅनाकिन-पद्मेचे संवाद म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटक, पाठ केलेलं, घाबरत म्हटलेलं. वाळू कशी खरखरीत असते हे सांगून मुलगी पटवणारा नायक मी दुसरीकडे पाहिला नाही. मात्र त्याच वेळी पडद्यावर असतो इटलीतल्या लेक कोमोकाठचा व्हिला बाल्बियानेल्लो, आणि मागे जॉन विल्यम्सने या दोघांसाठी रचलेली उदास धून. डोळे आणि कान तिकडे लावा. सिनेट आलं की सबटायटल पुन्हा चालू.

आवाजासाठी टीव्हीच्या स्पीकरवर विसंबू नका, हेडफोन घ्या. पहिल्या चित्रपटातली पॉडरेस (यानांची शर्यत) बराच वेळ संगीताविना चालते. नुसती इंजिनं, प्रत्येकाचा आवाज वेगळा, काम बेन बर्टचं. शेवटच्या द्वंद्वात कोरस घुमतो त्याचे शब्द संस्कृत आहेत, एका जुन्या वेल्श कवितेवरून घेतलेले. विल्यम्सने अर्थापेक्षा नादाकडे बघून ती अक्षरं बसवली, त्यामुळे शाळेत संस्कृतला शंभर घेतलेले असाल तरी काही लागणार नाही. लावूही नका. खलनायक झालेल्या रे पार्कची ती दोन्ही टोकांना पातं असलेली लाल तलवार बघा. आणि लगेच टीव्ही बंद करू नका. शेवटच्या मिरवणुकीत पोरांचा आनंदी कोरस वाजतो, तो नीट ऐका: जुन्या 'जेडाय'मधली सम्राटाची अभद्र धून, हसरी करून जलद वाजवलेली. नाबू जिंकल्याचा जल्लोष करतंय आणि धून त्याची! हे कळल्यापासून मी या चित्रपटाला वाईट म्हणताना आवाज जरा खाली घेते.

विसंगती मोजत बसू नका, नाहीतर रात्र संपेल. 'जेडाय'मध्ये ल्यूकची बहीण लेया म्हणते आई अंधुक आठवते. 2005 च्या चित्रपटात आई, म्हणजे पद्मे, बाळंतपणातच जाते. जुन्या चित्रपटांतला रोबो सी-थ्रीपीओ अ‍ॅनाकिननेच जोडलेला निघतो, आणि ते निस्तरायला शेवटी त्याची स्मृती पुसावी लागते. मिडिक्लोरियन या प्रकाराबद्दल मी बोलणार नाही. फोर्स रक्त तपासून मोजायचा असेल तर मग पॅथॉलॉजी लॅबच काढावी.

तिसरा चित्रपट मात्र सलग बघा, उठू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. याच्यावर मी कमीत कमी भांडते.

आता 'जेडाय'. तुमच्याकडे 2004 ची किंवा नंतरची आवृत्ती असेल तर शेवटी दिसणाऱ्या आत्म्यांत व्हेडर म्हणून सेबॅस्टियन शॉच्या जागी प्रीक्वेलमधला तरुण हेडन क्रिस्टेन्सन उभा आहे. ज्या नटाने मरतानाचा चेहरा दिला, त्यालाच उचलून बाजूला केलं याचा राग मला अजून आहे. आणि वर सांगितलेल्या क्रमाने बघितलं तर तो बदल नीट बसतो, याचाही रागच आहे.

एवढं करूनही अ‍ॅनाकिन मनाला लागला नसेल तर 'द क्लोन वॉर्स'कडे जा. डेव्ह फिलोनीच्या हाताखाली 2008 पासून चाललेल्या या मालिकेत तो चांगला मित्र आहे, चांगला शिक्षक आहे, आणि म्हणून त्याचं बिघडणं लागतं. सुरुवातीचे भाग पोरांसाठीचे वाटतील, दम धरा. 2020 मधल्या सातव्या सीझनचे शेवटचे चार भाग 'रिव्हेंज ऑफ द सिथ'च्याच काळात घडतात, ते तिसऱ्या चित्रपटानंतर, पण 'जेडाय'च्या आधी घ्या. सगळी मालिका बघायला सवड नसेल तर नुसते हे चार बघितले तरी चालतं, फक्त अहसोका कोण, एवढं आधी घरातल्या एखाद्या भाच्याला विचारून घ्या.