मुंबईत खायला निघताना घड्याळ बघा
मुंबईतली नावाजलेली ठिकाणं एका दिवसात गाठायची तर आधी वेळा जुळवा. माटुंग्याचं राम आश्रय भल्या पहाटे उघडतं, त्यामुळे इडली-सांबार गर्दीआधी उरकून घ्या. बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ सालचं ब्रिटानिया हे इराणी रेस्टॉरंट दुपारपुरतंच चालू असतं. बेरी पुलाव तिथेच खावा. संध्याकाळ दादरला, शिवाजी पार्काजवळच्या ‘प्रकाश’ उपाहारगृहात. साबुदाणा वडा गरम असतानाच फोडा: वर कुरकुरीत कवच, आत वाफाळता मऊ साबुदाणा. गार झाला की मजा गेली. वर पियूष हवंच. टेबलावर अनोळखी माणसं शेजारी बसतील, संकोच नको. पोटात जागा उरलीच, तर कीर्ती कॉलेजजवळचा वडापाव, आणि सोबत चुरा, म्हणजे तळलेल्या बेसनाचे कुरकुरीत कण, आठवणीने मागा.