हार्ड डिस्कला पंखा लावण्याआधी काय काय हाताशी हवं

स्क्रूड्रायव्हर नंतर. आधी वही घ्या आणि दोन आकडे लिहा: डिस्कचं तापमान, आणि त्याच वेळचं खोलीचं तापमान. डिस्कचा आकडा विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडला की समोरच दिसतो. लिनक्स असेल तर तेच दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल या कमांडच्या यादीत १९४ क्रमांकाची ओळ शोधा आणि शेवटच्या रकान्यातला आकडा घ्या. खोलीचं तापमान मोजायला भिंतीवर लावायचं साधं थर्मामीटर पुरतं, फक्त ते कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवू नका. जिथून हवा आत शिरते तिथे ठेवा. डिस्क त्या वेळी काय करत होती तेही लिहा. नुसती चालू असलेली डिस्क आणि तासभर लग्नाचं शूटिंग कॉपी करणारी डिस्क यांची तुलना होत नाही.

खोलीचा आकडा लिहिण्यावर एवढा भर देतोय, कारण मागच्या वेळी नेमका तोच राहिला. मेअखेरीस पंखा बसवला, मृग लागला, पाऊस सुरू झाला आणि डिस्क ४९ वरून ४३ वर आली. पंख्याचा गुण आला असं वाटलं. प्रत्यक्षात खोलीच ३४ वरून २८ वर आली होती. फरक आधीही १५ होता, नंतरही १५च. पंख्याची हवा डिस्कच्या पिंजऱ्याच्या पत्र्यावर आपटून परत फिरत होती, हे ऑक्टोबरच्या उन्हात कळलं. पंखा डिस्कला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, तो फक्त हा फरक कमी करतो. म्हणून नुसत्या डिस्कच्या आकड्याला अर्थ नाही. दोन्ही लिहा.

बॅकअप घ्या. हे सांगायला लागू नये.

आता पंखा. मापं घेतल्याशिवाय मागवू नका. हवा तो पंखा रत्नागिरीत किंवा सावंतवाडीत लगेच हातात पडेलच असं नाही. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूची भोकं एकमेकांपासून १०५ मिलिमीटरवर असतात, ८० च्या पंख्याची ७१.५ वर. जाडी बहुधा २५ मिलिमीटर. पुढच्या पॅनेलमागे तेवढी जागा आहे का, आणि डिस्कच्या केबलींना पंखा अडत नाही ना, हे पट्टी घालून बघा. डिस्कच्या पोटाला चिकटवायचे छोटे दोन पंख्यांचे जोड मिळतात, ते घेऊ नका. आवाज फार, आयुष्य कमी, आणि त्यांचा थरथराट थेट डिस्कमध्ये उतरतो. मोठा, हळू फिरणारा पंखा बरा. डिस्कला वाऱ्याची झोड लागत नाही, हवा हलती राहिली की पुष्कळ. बुशवाला पंखा टाळा, बॉल बेअरिंग किंवा फ्लुइड बेअरिंगचा घ्या, कारण तो उकाड्यात दिवसभर चालणार आहे. पंखा बसवायला स्क्रूऐवजी रबरी पिना मिळाल्या तर त्याच वापरा.

फार थंड करण्याच्या मागेही लागू नका. ३.५ इंची डिस्कला कंपन्या साधारण ६० अंशांपर्यंत परवानगी देतात. मी ४५ च्या वर जाऊ देत नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्क तपासल्या, तेव्हा मधल्या तापमानाचा दोष समजत होते तेवढा दिसला नाही. उष्णतेचा फटका मुख्यतः तीन वर्षांपलीकडच्या डिस्कना बसलेला दिसला. तुमची डिस्क जुनी असेल तर हे मनावर घ्या.

वीज कुठून घेणार ते आधी ठरवा. मदरबोर्डच्या पिनांवर लावलात तर बहुतेक बोर्ड पंख्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर ठरवतात. डिस्क रात्रभर कॉपी करत तापते, प्रोसेसर मात्र निवांत, आणि पंखा मंदावतो. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या पंख्याचा वेग कायम ठेवा. अशा पिनांच्या एका जोडणीला, म्हणजे हेडरला, सहसा १ अँपिअरची मर्यादा असते, म्हणून स्प्लिटर लावून पंख्यांची माळ करू नका.

आपल्याकडे खारी हवा हा वेगळा विषय. कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीसमोर असेल तर आधी ते हलवा, मग पंख्याचा विचार करा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. साध्या स्क्रूंच्या खाचा एका पावसाळ्यात गंजून गुळगुळीत होतात आणि मग ते सुटत नाहीत. हवा आत घेणाऱ्या पंख्यापुढे धुता येणारी नायलॉनची जाळी हवीच, नाहीतर उन्हाळ्यात चिऱ्यांची लाल धूळ थेट आत. दमट हवेने डिस्कवर पाणी धरेल ही भीती मात्र नको, चालू डिस्क खोलीपेक्षा गरमच असते. पाणी धरतं ते एसीतली थंड डिस्क एकदम बाहेर काढल्यावर. अशी डिस्क खोलीच्या तापमानाला येईपर्यंत जोडू नका. डिस्कवरच्या बारीक भोकावर टेप लावू नका, ते श्वासाचं भोक आहे. हेलियम वायू भरलेल्या डिस्क सीलबंद असतात, त्यांचा प्रश्न नाही.

बसवताना: प्लग काढा, डिस्कच्या आतल्या फिरत्या चकत्या थांबेपर्यंत अर्धा मिनिट कॅबिनेट हलवू नका, पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. पंख्याच्या कडेवर बाण असतो, नसला तर हवा आडव्या पट्ट्या असलेल्या बाजूने बाहेर पडते. वायरी टायने बांधा, पात्यांत जाऊ देऊ नका. चालू केल्यावर बाहेरून उदबत्ती जाळीजवळ धरा; धूर आत ओढला गेला पाहिजे. पण तेवढ्याने हवा डिस्कपर्यंत पोचली असं ठरत नाही. ते ठरवायला तेच काम तासभर चालवून पुन्हा दोन्ही आकडे लिहा. दोन्ही! फरक कमी झाला नसेल तर डिस्कचा आकडा कितीही छान दिसो, पंख्याची जागा चुकली आहे.

जाळ्या दोन घ्या. धुतलेली जाळी जुलैत दोन दिवस वाळत नाही, आणि ओली जाळी लावायची नाही.